हिंमत की नळी? एका निळ्या कार्लटनची दुरुस्ती

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं शक्यतो तसंच ठेवलंय.)



आज एका सायकलची गोष्ट सांगणार आहे. सायकल इंग्लंडची, सांगणारा सांगलीचा, आणि गोष्ट घडली नॉटिंगहॅममध्ये, माझ्या घराच्या मागच्या शेडमध्ये. जुनी सायकल दुरुस्त करायची कुणाच्या मनात असेल, तर काही कामाच्या गोष्टी मिळतील. नसेल, तरी ऐका. कारण ही गोष्ट शेवटी सायकलची राहत नाही.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. वय ऐंशीच्या पुढे. मी त्यांना आजोबा म्हणतो ते तुमच्यापुरतं, तोंडावर नावानेच हाक मारतो, तिकडे तशीच पद्धत आहे. एके दिवशी कुंपणावरून म्हणाले, "तू सायकलवर कामाला जातोस ना? माझ्या शेडमध्ये एक आहे. मुलगी शेड रिकामी करतेय. घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल."

मी गेलो. लॉन गवत कापायच्या यंत्रामागे, रंगाच्या डब्यांखाली एक निळी रोड सायकल. टायर फुटलेले, साखळी गंजून काठीसारखी ताठ. पण सीटच्या नळीवर एक छोटं हिरवट-सोनेरी लेबल होतं. रेनॉल्ड्स ५३१. आणि पुढे नाव, कार्लटन.

आता हे दोन शब्द वाचून मी का थांबलो, ते सांगतो.

कार्लटन ही नॉटिंगहॅमशायरचीच कंपनी. १८९८ मध्ये कार्लटन-इन-लिंड्रिक नावाच्या गावात सुरू झाली, म्हणून हे नाव. पुढे जवळच्या वर्कसॉपला गेली. १९६० मध्ये रॅलेने ती विकत घेतली. रॅले म्हटलं की आपल्याकडे आजोबा-पणजोबांची काळी, उंच, डबल नळीची सायकल डोळ्यांसमोर येते. ती रॅले नॉटिंगहॅमचीच. तिचा तो अवाढव्य कारखाना आता नाही, त्या जागेच्या काही भागावर आज विद्यापीठाचा परिसर उभा आहे. पण कार्लटन हे वेगळं प्रकरण. हलकी, वेगाने चालवायची, वाकड्या हँडलची सायकल.

आणि ५३१ म्हणजे नळ्यांचं पोलाद. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १९३५ मध्ये ते बाजारात आणलं. मँगनीज आणि मॉलिब्डेनम घातलेलं पोलाद. गंमत अशी की ही नळी सगळीकडे सारख्या जाडीची नसते. टोकांना जाड, मध्ये पातळ, आणि हा फरक आतून, बाहेरून हाताला काहीच कळत नाही. जोड टोकांना असतो, ताण तिथे जास्त, म्हणून तिथे धातू जास्त. मध्ये भिंत साधारण ०.६ मिलिमीटरची. पोस्टकार्डं दोन-तीन एकावर एक ठेवा, तेवढीच. त्यावर माणूस बसतो आणि डोंगर चढतो.

तर मी सायकल घरी आणली. आजोबांना म्हटलं, "महिन्याभरात चालती करतो." ते नुसते हसले. महिना नाही, नऊ महिने लागले.

सांगलीत मी शाळेच्या सुट्टीत एका सायकलच्या दुकानात बसायचो. पाटीवर लिहिलेलं होतं, "ओव्हरऑइलिंग करून मिळेल". मूळ शब्द ओव्हरहॉलिंग आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. पण ओव्हरऑइलिंग हाच शब्द मला अजून बरोबर वाटतो. सगळं उघडायचं, रॉकेलमध्ये धुवायचं, छर्रे मोजायचे, ग्रीस भरायचं, परत बसवायचं. तिथले मिस्त्री एक गोष्ट सांगायचे. पाना लावायच्या आधी डोळा लाव. मी तिथेच चुकलो. आधी पाना लावला.

पहिली अडचण सीटची दांडी. दांडी अॅल्युमिनियमची, फ्रेम पोलादाची. दोन वेगळे धातू, मध्ये पावसाचं पाणी. दोघे एकमेकांना असे चिकटतात की जणू डाग देऊन जोडलेत. यावर लोक कॉस्टिक सोडा ओततात, तो अॅल्युमिनियम खाऊन टाकतो. पण तो कातडीही खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो, पेट घेणारा. घरी करायचं काम नाही. मी फ्रेम उलटी टांगली आणि रोज संध्याकाळी सांध्यात आत झिरपणारं तेल सोडत गेलो. तीन आठवडे. मग दांडीचं डोकं बाकाच्या शिकंज्यात धरलं आणि दांडी नाही, फ्रेम फिरवली. दोन हातांत पूर्ण फ्रेम म्हणजे केवढी मोठी पकड! पण हळू. जोर लावायचा, थांबायचं, तेल, पुन्हा जोर. एका रविवारी टक् असा आवाज आला आणि ती सुटली. मला वाटलं, नळीच मोडली. शेजारच्या घराच्या खिडकीतून आजोबा बघत होते, त्यांनी अंगठा वर केला.

दुसरी गोष्ट आटे. ब्रिटिश सायकलीत पायडलच्या मधल्या सांध्याला, ज्याला बॉटम ब्रॅकेट म्हणतात, साखळीच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो. म्हणजे घट्ट करायचा तसा फिरवला की सुटतो. हे माहीत नसेल तर माणूस पाईप लावून जोर करतो आणि आटे कायमचे घालवतो. शिवाय बहुतेक ब्रिटिश सायकलींना इंचाला २४ आटे, पण नॉटिंगहॅमच्या रॅलेचा स्वतःचा हट्ट, इंचाला २६. कार्लटन रॅलेच्या घरातली, म्हणून मोजूनच घ्यायचं. माझे २४ निघाले. आत पाव इंची छर्रे, एका बाजूला ११. मी मोजले तर एका बाजूला ११, दुसऱ्या बाजूला १०. कुणीतरी कधीतरी एक हरवला होता आणि गप्प बसला होता. आपण सगळे त्याला ओळखतो.

तिसरी, चाकं. ही २७ इंची. आजच्या रोड सायकलचं ७०० सी चाक दिसतं तसंच, पण टायर जिथे बसतो तो व्यास जुन्या चाकाचा ६३० मिलिमीटर, नव्याचा ६२२. म्हणजे नवा टायर जुन्या रिमवर चढत नाही. २७ इंची टायर आजही मिळतात, फक्त निवड कमी. रिम अॅल्युमिनियमच्या होत्या हे नशीब. क्रोम केलेल्या पोलादी रिमवर पावसात ब्रेक लावला, तर सायकल विचार करून मग थांबते.

चाकांचा आऊट काढला, ब्रेकचे रबर नवे घातले, चामड्याच्या ब्रुक्स सीटला मागून-पुढून मेण चोळलं. आता रंग. रंग खूप टिकला होता. ओरखडे होते, पण मूळ निळा झळकत होता. मी मऊ फडक्याने एकेक नळी पुसत होतो, आणि तेव्हा, पाचव्या महिन्यात, मी शेवटी डोळा लावला.

दोन गोष्टी दिसल्या.

पहिली, पुढच्या फोर्कचा निळा बाकीच्या निळ्यापेक्षा जरासा गडद होता. उन्हात धरल्याशिवाय कळत नाही इतकाच.

दुसरी, खालची तिरकी नळी, हँडलच्या नळीला जिथे मिळते, त्या जोडाच्या मागे दोन बोटांवर. खालच्या बाजूने अंगठा फिरवला तर एक फुगवटा लागला. चादरीला पडलेली एक सुरकुती असावी तसा. आणि तिथे रंगाला केसासारखी बारीक चीर.

मंडळी, जुनी स्टीलची सायकल कधी घेणार असाल तर एवढं एक लक्षात ठेवा. रंग, चमक, नाव सगळं नंतर. आधी त्या जागी अंगठा फिरवा. समोरून जोरात आदळलेली सायकल तिथेच खरं सांगते. फोर्क मागे ढकलला जातो, आणि जिथे नळी पातळ व्हायला लागते तिथे ती दुमडते. फोर्क बदलता येतो. तो बदलला की दुरून सगळं ठीक दिसतं.

मी त्या रात्री जेवताना बायकोला म्हटलं, "झालं, पाच महिने फुकट." ती म्हणाली, "आधी त्यांना विचार ना." मला विचारायचं नव्हतं. त्यांना वाटलं असतं, मी त्यांच्या सायकलीत खोट काढतोय.

पण विचारलं. फ्रेम घेऊनच गेलो. त्यांचा अंगठा धरून त्या फुगवट्यावर ठेवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "१९८४. हिवाळा. पाऊस होता. उभ्या असलेल्या व्हॅनच्या मागे जाऊन आदळलो. खांदा दुखला, बाकी काही नाही. दुकानात नेली, त्यांनी फोर्क बदलून दिला."

"मग?"

"मग एक उन्हाळा चालवली. पण उतारावर..." ते थांबले. "उतारावर मला भीती वाटायला लागली. पुढचं चाक हातात राहायचं नाही, फडफडायचं. मी दोन हातांनी हँडल आवळून धरायचो. क्लबातली मंडळी पुढे जायची, मी ब्रेक धरून खाली यायचो. मला वाटलं, त्या व्हॅनने माझी हिंमत काढून घेतली. तेव्हा जेमतेम चाळिशी ओलांडली होती. सगळ्यांना सांगितलं, गुडघे गेले. आणि ठेवून दिली शेडमध्ये."

गुडघे अजूनही ठीक आहेत त्यांचे. रोज चालतात.

मी घरी आलो आणि हिशेब मांडला. जरा तांत्रिक आहे, पण थोडक्यात सांगतो. दुकानात सामान ठेवायची ढकलगाडी बघा. तिचं पुढचं छोटं चाक आपोआप मागे फिरतं आणि गाडीमागे चालतं. सायकलचं पुढचं चाकही तसंच "मागे" चालतं, म्हणून ती सरळ जाते. हँडलच्या नळीची रेष जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक जमिनीला टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे पडते. या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेल कमी झाला की हँडल चंचल होतं. आता खालची नळी दुमडली की हँडलची नळी जास्त उभी होते. अशा सायकलीत ती साधारण ७३ अंशांवर असते. २७ इंची चाक आणि दोन इंच पुढे वळलेला फोर्क धरला, तर ट्रेल येतो साधारण ५३ मिलिमीटर. नळी दोन अंशांनी उभी केली की तो उरतो ४०. म्हणजे जवळजवळ चौथा भाग गेला. सपाटीवर फारसं जाणवत नाही. पण उतारावर वेग घेतला की कळतं.

डर्बीशायरमध्ये एक फ्रेम बांधणारा कारागीर आहे, एकटाच काम करतो. त्याच्याकडे फ्रेम नेली. त्याने ती सपाट लोखंडी टेबलावर चढवली, मोजली आणि म्हणाला, "जवळजवळ दोन अंश." माझा हिशेब ऐकून नाही, त्याला तो सांगितलाच नव्हता. आणि पुढे म्हणाला, "शिवाय जराशी डावीकडे मुरडली आहे. असली सायकल उतारावर चालवणारा माणूस घाबरलाच पाहिजे. न घाबरणारा मूर्ख."

आता प्रश्न पैशांचा आणि रंगाचा.

नळी बदलता येते. स्टीलच्या जुन्या सायकलीचा हा मोठा गुण. या नळ्या वितळवून जोडलेल्या नसतात. जोडावर लग नावाची पोलादी टोपणं असतात, त्यात नळी सरकवून मध्ये पितळ किंवा चांदीमिश्रित धातू वितळवून सोडतात. चांदीचं मिश्रण साधारण ६५० ते ७०० अंशांना वितळतं, पितळ ९०० च्या आसपास. पोलाद वितळायला १५०० च्या जवळ जावं लागतं. म्हणजे उष्णता देऊन जोड सोडवता येतो, जुनी नळी काढून नवी बसवता येते. आपल्या भाषेत सांगायचं तर शिलाई उसवून नवी बाही लावता येते. कारागिराकडे ५३१ ची एक जुनी शिल्लक नळी होतीही.

पण खर्च? ही सायकल विकून जेवढे आले असते, त्याहून जास्त. आणि उष्णतेने जोडांच्या आसपासचा मूळ रंग जळणार. जुन्या सायकली गोळा करणारे माझे एक मित्र आहेत, ते म्हणाले, "वेडा आहेस का? मूळ रंग आहे. भिंतीवर टांग. चालवायला दुसरी घे. रंग गेला की किंमत गेली."

त्यांचं म्हणणं अगदी चूक नाही. रंग एकदाच मूळ असतो. मी आठवडाभर ठरवू शकलो नाही. खरं सांगायचं तर भिंतीवर टांगायचा विचार मला मनापासून आवडला होता. दिवाणखान्यात छान दिसली असती.

मग आजोबांनाच विचारलं, "तुमची सायकल आहे, तुम्ही सांगा." ते म्हणाले, "माझी नाही, तुला दिली." जरा वेळाने म्हणाले, "पण तुझी असेल, तर मला एक कळून घ्यायचंय. ती सरळ केली, तर उतारावर ती शांत राहते का?"

त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं. चाळीस वर्षांचा प्रश्न होता. आणि भिंतीवर टांगलेली सायकल त्याचं उत्तर देऊ शकत नव्हती.

नळी बदलली. वरची नळी जराशीच दबली होती, ती थंड असतानाच सरळ झाली. कारागिराने विचारलं, पूर्ण रंगवू का? मी नाही म्हटलं. जिथे जळला तिथे आणि नव्या नळीवर रंग द्या, बाकी तसंच ठेवा. त्याने निळा बराच जुळवला. तरी फरक दिसतो. आता माझ्या सायकलीवर तीन निळे आहेत. एक १९७२ चा, ज्या वर्षी आजोबांनी ती घेतली. एक १९८४ चा, फोर्कचा. आणि एक आत्ताचा. कुणी विचारलं की मी तिन्ही दाखवतो.

उतार कुठला, तर डर्बीशायरमध्ये व्हाया गेलिया नावाची दरी आहे. ग्रेंजमिलकडून झाडीतून रस्ता खाली खाली येत क्रॉमफर्डला पोचतो. क्रॉमफर्ड म्हणजे जिथे रिचर्ड आर्कराइटने १७७१ मध्ये पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली ते गाव. क्लबची मंडळी त्या काळी याच रस्त्याने यायची, आजोबांनीच सांगितलं. त्यांच्या मुलीने त्यांना गाडीतून क्रॉमफर्डच्या चौकात आणलं, आणि मी वरून निघालो.

खोटं सांगत नाही, पहिल्या मैलात मी ब्रेकवरून बोटं काढली नाहीत. जुन्या सायकलचे गिअर बदलायचे खटके हँडलवर नसतात, खालच्या नळीवर असतात. त्यासाठी एक हात सोडावा लागतो. हँडलवर एकच हात, आणि दुसरा त्या नव्या नळीवर. तेव्हा कळलं की ती हलत नाहीये. चाक रस्ता धरून चाललं होतं. रस्ता खडबडीत, पण पातळ पोलादाच्या नळ्या धक्का थोडा स्वतः घेतात, हातापर्यंत सगळा येऊ देत नाहीत. मी ब्रेक सोडले.

क्रॉमफर्डला आलो तेव्हा आजोबा काठी टेकून उभे होते. त्यांनी "कशी आहे?" असं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "एक हात सोडलास?"

म्हटलं, "सोडला. गिअर बदलला."

"आणि?"

"शांत होती."

त्यांनी हँडल हातात घेतलं, चार पावलं सायकल ढकलत नेली, सीटवर हात ठेवून एका हातानेच. सायकल त्यांच्याबरोबर सरळ चालली. मग मुलीकडे वळून म्हणाले, "गुडघ्यांचं मी तुला खोटं सांगितलं होतं."

मुलीला काही समजलं नाही. मग चहा पिताना त्यांनी सगळं सांगितलं.

आता मी असं म्हणणार नाही की सगळा दोष त्या नळीचाच होता. आदळल्यावर माणूस थोडा घाबरतोच, ते खरंच आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या उतारावर काय झालं ते कुणी मोजू शकत नाही. पण दोन अंश मोजता आले, आणि ते त्यांच्या बाजूने होते. आपण किती वेळा असं करतो बघा. काहीतरी हातात राहत नाही, आणि आपण म्हणतो, माझ्यात दम नाही. कधी तसंच असतं. पण आधी एकदा अंगठा फिरवून बघायला काय हरकत आहे?

सायकल आता माझ्याकडे असते. पाऊस नसेल त्या रविवारी निघते. आजोबांनी एक अट घातली आहे, घरी परतलो की कुंपणावरून कुठे गेलो होतो ते सांगायचं. सगळे चढ-उतार नावानिशी. मी एखादा विसरलो तर ते आठवण करून देतात.

आणि हो, तो हरवलेला अकरावा छर्रा मी नवा घातलाय. याची नोंद असू द्या.

तुमच्या घरी, गावाकडे, माळ्यावर एखादी जुनी सायकल असेल तर काढा, पुसा, मोजा आणि कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.